तोसा बुंतान पिळू नका, सोला

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याच्या सहकाऱ्याने जपानमधल्या कोची प्रांतातून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बुंतान या मोठ्या लिंबूवर्गीय फळाची १० किलोची पेटी पाठवली. एक फळ संत्र्यासारखे कापून खाल्ले, ते आंबट-कडू लागले. मग दोन फळांचा मिक्सरमध्ये रस काढला, तो दुसऱ्या दिवशी तोंडात धरवेना. हे आपले पपनसच ना, मग एवढे महाग का, आणि उरलेल्या सतरा फळांचे करायचे काय?

फळांत काही खोट नाही. तुम्ही त्यांचा रस काढलात, तिथे गडबड झाली. ही गडबड मीही केलेली आहे, म्हणून आधी तेच सांगतो. मी मूळचा कुडाळचा. सोळा वर्षे ओसाकातल्या एका हॉटेलात गोड पदार्थांच्या विभागात काम केले, त्यातले बरेच हिवाळे कोचीत बागायतदारांकडे फळ निवडण्यात गेले. पहिल्या वर्षी सकाळच्या गडबडीतून सुटका व्हावी म्हणून आदल्या संध्याकाळीच बुंतानचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवला. काढला तेव्हा चव उत्तम होती. सकाळी त्याची जेली लावली आणि मुख्य आचाऱ्यांनी एक चमचा चाखून अख्खा ट्रे ओतून द्यायला सांगितला. ते रागावले नाहीत. एक फळ घेऊन समोर बसले आणि ते कसे सोलायचे ते दाखवले. त्या दिवसापासून मी बुंतान पिळलेले नाही.

कारण असे आहे. या फळाच्या कडूपणाचे दोन स्रोत आहेत. पहिला नारिंजिन, जो फोडींवरच्या पापुद्र्यात आणि सालीच्या पांढऱ्या भागात भरपूर असतो. मिक्सरची पाती पापुद्रा चिरडतात की तो लगेच रसात उतरतो. दुसरा लिमोनिन, आणि हा जास्त दगा देतो. अखंड फळात तो नसतोच म्हटले तरी चालेल. तिथे त्याचे बिनकडू रूप असते. पेशी फुटल्या, आंबट रसाशी गाठ पडली, की काही तासांत त्याचे कडू लिमोनिन होते. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि दुसऱ्या दिवशी तोच कारल्याच्या वाटेवर जातो. त्यात मिक्सरमध्ये बिया गेल्या असतील, तर विचारायलाच नको.

उलट निसर्गाने या फळाला एक गुण दिला आहे, जो संत्र्या-मोसंब्यात नाही. फोडीच्या आतले रसाचे कण जाड, टणक आणि एकमेकांपासून सुटे असतात. पापुद्रा काढला की ते डाळिंबाच्या दाण्यांसारखे मोकळे होतात, पण ओले होत नाहीत. दाताखाली आला की एकेक कण फुटतो. बुंतानची सगळी किंमत या फुटण्यात आहे. हे चावायचे फळ आहे.

तेव्हा सोलण्यापासून सुरू करू. घाईत करू नका. एका फळाला पहिल्यांदा दहा-बारा मिनिटे लागतील, चौथ्या-पाचव्याला चार मिनिटे. देठाकडची टोपी साधारण दीड सेंटिमीटर कापून काढा, आतल्या फोडींना सुरी लागता कामा नये. मग वरून खाली, सालीच्या जाडीपुरते, सहा-सात चिरे द्या. अंगठा सालीखाली घालून एकेक पट्टी पांढऱ्या थरासकट ओढून काढा. ती फेकू नका, तिचे काम पुढे आहे. आतला गोळा दोन हातांनी मधोमध उघडा, फोडी सुट्या करा. आता प्रत्येक फोडीची आतली धार, म्हणजे फळाच्या मध्याकडची, जिथे बिया बसलेल्या असतात ती, कात्रीने कापा. स्वयंपाकाची साधी कात्री सुरीपेक्षा बरी पडते. पापुद्रा दोन्ही बाजूंनी पुस्तकासारखा उघडा आणि उलटा मुडपा. गर आपोआप सुटून येतो. बिया पुष्कळ निघतील, ते वाईट फळाचे लक्षण नाही. जपानात यासाठी ‘मुक्कीचान’ नावाचे छोटे प्लॅस्टिकचे अवजार मिळते, फोडीची धार चिरायला आणि पापुद्रा ओढायला. ते घ्या. मी घरी तेच वापरतो.

सोललेल्या गरावर चिमूटभर मीठ भुरभुरा आणि पाच मिनिटांनी खा. राहिलेला कडूपणा मिठाने जिभेला कमी जाणवतो आणि गोडी वर येते. आपल्याकडे कोकणात पपनसाला मीठ-साखर-तिखट लावायची रीत आहे, ती उगाच पडलेली नाही.

आता पपनसाचा प्रश्न. हो, हे पपनसच. एकच जात, वेगळे वाण. लिंबूवर्गातल्या मोजक्या मूळ पूर्वजांपैकी हे एक. मोसंबीच्या कुळातले गोड संत्रे म्हणजे पपनस आणि मँडरिन (नागपुरी संत्र्याचा गट) यांची संतती, आणि ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि गोड संत्रे यांची. मूळ आग्नेय आशियातले हे फळ जहाजांबरोबर फिरले आणि जिथे उतरले तिथे बंदराचे नाव घेऊन बसले. बंगालीत त्याला ‘बाताबी लेबू’ म्हणतात, म्हणजे बटाव्हियाचे, आजच्या जकार्ताचे, लिंबू. जपानीतले त्याचे जुने नाव ‘झाबोन’ पोर्तुगीज ‘झांबोआ’वरून आले. आणि ‘बुंतान’? दक्षिण जपानच्या कागोशिमा प्रांतातल्या आकुने गावात अशी कथा सांगतात, की १७७२ साली वादळात भरकटलेले एक चिनी व्यापारी जहाज तिथे लागले. गावकऱ्यांनी केलेल्या मदतीची परतफेड म्हणून कप्तानाने ही फळे दिली. कप्तानाचे नाव चिनी लिपीत जसे होते ते जपानी उच्चारात ‘शा बुंतान’ झाले, आणि तेच फळाला चिकटले. कागोशिमात आजही ‘बोंतान’ असा उच्चार ऐकू येतो. तिथली ‘बोंतान आमे’ ही चिकट गोळी जपानात पुष्कळ रेल्वे स्टेशनांवर मिळते. तिच्यावरचा पारदर्शक पापुद्रा स्टार्चचा असतो, तो काढायचा नसतो, तसाच खायचा.

आपल्याकडचे पपनस बहुतेक गुलाबी गराचे, सालीला जाड आणि रसाला बेताचे. गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या फळापानांच्या चौकटीला, टांगलेले ते मोठे हिरवट-पिवळे फळ दिसायला देखणे असते, पण विसर्जनानंतर ते कोण आवडीने खातो? झाड चांगले असले तर अप्रतिम लागते, नसले तर कोरडे. परसातले झाड बहुधा बियांपासून वाढलेले असते आणि त्याची कोणी निगा राखत नाही, म्हणून दोन झाडांची चव एक नसते. कर्नाटकात देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेवढा अपवाद मोठा. आपल्या पपनसात गुण नाही असे मी कधीच म्हणणार नाही. त्याच्यासाठी कोणी एवढे कष्ट घेतलेले नाहीत, इतकेच.

ते कष्ट म्हणजे काय, ते कोचीत पाहिले की किंमत समजते. जपानातल्या बुंतानपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या कोचीत पिकते. कोचीचे जुने नाव तोसा, म्हणून ‘तोसा बुंतान’. मूळ रोप कागोशिमाकडून आले आणि १९२९ मध्ये कोचीच्या सरकारी शेती प्रयोगकेंद्रात लागले. पण ते घरोघरचे पीक व्हायला महायुद्ध उलटावे लागले. बागा समुद्राकडे तोंड केलेल्या चढांवर आहेत, पायऱ्यापायऱ्यांच्या. पॅसिफिकमधला कुरोशिओचा उबदार प्रवाह जवळून जातो, ऊन भरपूर. या झाडाला स्वतःच्या परागाने नीट फळ धरत नाही. म्हणून मे महिन्यात फुलोरा आला की दुसऱ्या लिंबूवर्गीय झाडाचे, बहुधा ‘कोनात्सु’चे, पराग गोळा करून मऊ कुंचल्याने फुलाफुलावर लावतात. शिडीवर उभे राहून, हाताने. उन्हाळ्यात जास्तीची फळे खुडून टाकतात, म्हणजे उरलेल्यांना पोषण मिळते.

डिसेंबरअखेरीस फळ उतरवावे लागते, कारण झाडावर हिमाचा तडाखा बसला की गर सुकतो, कण पोकळ होतात. पण त्या वेळी फळ इतके आंबट असते की खाता येत नाही. मग ते मुरवतात. कोचीत याला ‘नोगाकोइ’ म्हणतात: बागेतच फळांची रास लावायची, वर गवत-पेंढा आणि आच्छादन घालायचे, आणि महिना-दीड महिना शांत ठेवायचे. आंबा अढीत घालतो तोच भाव. फरक एवढाच, की आंबा अढीत पिकतो आणि बुंतान अढीत फक्त आंबटपणा सोडते. साखर फारशी वाढत नाही, आम्ल उतरते, म्हणून गोडी पुढे येते.

तुमची पेटी फेब्रुवारीच्या सुरुवातीची, म्हणजे हंगामाची पहिली फळे. आंबट लागली यात नवल नाही. उघड्या जमिनीवरचे बुंतान फेब्रुवारी ते एप्रिल येते, आणि मला विचाराल तर मार्चमधले सर्वात चांगले. म्हणून उरलेली सतरा फळे एकदम संपवायची नाहीत. पेटीतून बाहेर काढा, एकेक पाहा. देठाजवळ मऊ पडलेले किंवा खरचटलेले असेल ते आधी सोला. बाकीची हीटर नसलेल्या खोलीत, व्हरांड्यात किंवा दाराजवळच्या थंड कोपऱ्यात, एकावर एक न रचता ठेवा. आठवड्यातून एकदा हात फिरवा. सालीवरची चमक गेली, किंचित सुरकुती आली, हातात घेतल्यावर थोडे दबते असे वाटले, की ते तयार. दुकानात गुळगुळीत तुकतुकीत फळ निवडायची आपल्याला सवय असते. इथे उलटे आहे. सुरकुतलेले निवडा, पण जड. हलके फळ आतून कोरडे निघते. सुरकुती फार वाढू लागली, तर मात्र पातळ पिशवीत एकेक गुंडाळा.

किमतीबद्दल आणखी एक. भेटीच्या पेटीत पैसा बराचसा सालीच्या रूपाला जातो. एकसारखा आकार, डाग नाही. त्याच बागेतली, वाऱ्याने फांदी घासून खरवडलेली फळे ‘घरच्यासाठी’ म्हणून पुष्कळ स्वस्तात विकतात आणि आतून तीच असतात. पुढच्या वर्षी स्वतः मागवाल तेव्हा तीच मागवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काचघरातले ‘सुइशो बुंतान’ दिसेल. सुइशो म्हणजे स्फटिक. गर खरोखर पारदर्शक, आंबटपणा अगदी कमी, कण नाजूक. सुंदर फळ आहे, पण मला त्यात थोडी धार कमी वाटते.

आणि ‘बानपेइयु’ पाहिले नसेल तर एकदा पाहाच. कुमामोतोमधल्या यात्सुशिरोचे हे फळ, लहान मुलाच्या डोक्याएवढे, सहज दोन किलोचे. २००५ साली यात्सुशिरोतल्या एका फळाचे वजन ४.८६ किलो भरले आणि तेव्हाचे जगातले सर्वात जड पपनस म्हणून गिनीजमध्ये नोंदले गेले. नावात तीन अक्षरे आहेत: उशिराचे, पांढरे, पपनस. १९२० मध्ये सायगावच्या वनस्पती उद्यानातून ते तैवानला गेले, आणि तिथून १९३०च्या सुमारास कागोशिमात आले. बानपेइयु घरी आणून लगेच कापत नाहीत. आधी दर्शनी जागी मांडून ठेवतात, खोलीभर वास दरवळतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी खातात. यात्सुशिरोतल्याच हिनागु भागात गरम पाण्याच्या कुंडांत थंडीच्या दिवसांत अख्खी बानपेइयु तरंगत सोडतात. त्या वाफेत बसून मला दर वेळी नरक चतुर्दशीच्या पहाटेच्या उटण्याची आठवण झाली.

पाककृतींकडे येण्याआधी एक गोष्ट नीट वाचा. घरात कोणी रोजची औषधे घेत असेल, तर बुंतान देण्याआधी डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारा. ग्रेपफ्रूटबद्दल जी सूचना देतात तीच इथे लागू आहे, कारण फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये पपनसातही असतात. ती आतड्यातल्या एका पाचकाला अडवतात आणि औषध रक्तात अपेक्षेपेक्षा जास्त उतरते. रक्तदाबाच्या फेलोडिपिन-निफेडिपिनसारख्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन-ॲटोर्व्हास्टॅटिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही मुख्य नावे. गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी, असे करून भागत नाही, परिणाम दिवसभराच्या वर राहतो. तुमचे सासू-सासरे भेटीला येणार असतील तर हे लक्षात ठेवा. मिकानला, म्हणजे जपानच्या लहान संत्र्याला, ही अडचण नाही, त्यांना मिकान द्या.

आता स्वयंपाक. एकच नियम पाळा: गर शिजवू नका. उष्णतेने कण फुटतात, पाणी सुटते, वास उडतो आणि कडूपणा उरतो. गरम पदार्थात घालायचाच असेल, तर ताटात वाढल्यावर वरून.

बुंतान व्हिनेगरच्या जागीही वापरता येते. पांढऱ्या मुळ्याचे बारीक काप मीठ लावून पिळायचे, त्यात बुंतानचे मोकळे कण, चिमूट साखर. कात्सुओ मासा बाहेरून जाळावर होरपळून ‘ताताकी’ करतात, हा कोचीचा मानाचा पदार्थ. त्यावर लसणाचे काप, कांद्याची पात आणि बुंतानचे कण घालून पाहा, सोया सॉस मोजकाच. मासे खाणाऱ्या आपल्या माणसाला हे पटकन आवडते. उकडलेले ऑक्टोपस आणि काकडी यांच्याबरोबरही जमते. उकडून पिंजलेले चिकन, मिझुना नावाची पालेभाजी आणि बुंतान, एवढ्यावर मी कितीतरी रविवार काढले आहेत.

शाकाहारी घरात काकडीची कोशिंबीर करा: काकडी चोचवून, मीठ लावून, पाणी पिळून टाका. दाण्याचे कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, साखर. तूप-जिऱ्याची फोडणी देऊन पूर्ण गार होऊ द्या, आणि मग बुंतानचे कण हलक्या हाताने मिसळा. दही घालू नका, दोन आंबट एकमेकांना मारतात. दाण्याचे कूट या फळाशी इतके जुळते, की मी हे ओसाकातल्या सहकाऱ्यांना खाऊ घातले तेव्हा त्यांनी कूट कसे करायचे ते लिहून घेतले.

गोडात जेली करायची असेल तर जिलेटिन चालते. अननसासारखे जिलेटिन तोडणारे पाचक यात नाही. कांतेन, म्हणजे आपले चायना ग्रास, वापरणार असाल तर ते पाण्यात साखर घालून आधी पूर्ण विरघळवा, आच बंद करा, थोडे निवू द्या, आणि मग फळ घाला. आंबटाबरोबर उकळले की ते नीट धरत नाही. भांड्यात आधी कण पसरा आणि वरून सैलसर पाक-जेली ओता. श्रीखंडात मात्र खुशाल घाला, फक्त वाढताना. केशर नको, वेलची नको, फक्त पिवळी साल अगदी बारीक किसून. वास त्या पिवळ्या थराच्या तेलात असतो आणि तो या फळाचा स्वतःचा आहे, त्याला सोबत लागत नाही.

राहिली साल. बुंतानचे निम्म्याच्या आसपास वजन साल-पापुद्रा-बियांत जाते, आणि ज्यांनी एवढे कष्ट करून हे पिकवले त्यांनी सालही वाया घालवलेली नाही. कागोशिमात बोंतानची, बेप्पूमध्ये झाबोनची साल साखरेत पाकवून विकतात. पांढरा थर मऊ, ओलसर, दाताला किंचित लागणारा होतो. कोहळ्याचा पेठा डोळ्यासमोर आणा, आणि त्याला थोडी कडवट किनार द्या.

दोन फळांच्या साली घ्या. वरचा पिवळा थर किसणीने अगदी पातळ खरवडून वेगळा ठेवा, तो श्रीखंडाला. पांढऱ्या भागाच्या बोटाएवढ्या जाड पट्ट्या करा. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे उकळा, पाणी फेका. असे तीन वेळा. मग गार पाण्यात रात्रभर ठेवा, मध्ये एकदा-दोनदा पाणी बदला. सकाळी एक तुकडा चावून बघा. कडू असावा, पण जीभ आक्रसू नये. तसे वाटले तर आणखी अर्धा दिवस भिजवा. दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका, तुकडे फाटतात. आता वजन करा आणि तेवढीच साखर घ्या. एक तृतीयांश साखर आणि जेमतेम बुडेल एवढे पाणी घालून मंद आचेवर ठेवा. पंधरा मिनिटांनी दुसरा भाग, आणखी पंधरा मिनिटांनी तिसरा. सगळी साखर पहिल्यांदाच घातली तर साल आक्रसून चामड्यासारखी होते, पाक आत शिरत नाही. पाक दोनतारी होऊन भांड्याच्या तळाशी थोडाच उरला आणि तुकडे काचेसारखे दिसू लागले, की उतरवा. शेवटची दहा मिनिटे गॅसजवळून हलू नका, पाक क्षणात करपतो. जाळीवर सुटे मांडून एक-दोन दिवस वाळवा. जपानच्या हिवाळ्यात हवा कोरडी असते, पंखाही लागत नाही. हाताला चिकटेनासे झाले की बारीक साखरेत घोळवा.

जपानात भेटीला परतभेट द्यायची रीत आहे, ‘ओकाएशी’ म्हणतात. दुकानातून बिस्किटांचा डबा आणण्याऐवजी त्या सहकाऱ्याला यातल्याच वीस-पंचवीस कांड्या कागद घातलेल्या डब्यात द्या. कोचीच्या माणसाला त्याच्या गावच्या फळाची साल कोणी पाकवून परत दिली, तर तो ते विसरत नाही. शुक्रवारी रात्री साली भिजत घातल्यात तर सोमवारी सकाळी डबा भरता येईल.